तिसरी गाठ

अमेरिकन बेसबॉलच्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे विजेतेपदाच्या अंतिम मालिकेत, २७ ऑक्टोबर या एकाच तारखेला, २९ वर्षांच्या अंतराने, असे दोन सामने झाले की या खेळाविषयी आज चालणारे बहुतेक वाद त्या दोहोंच्या मधल्या जागेत मावतात. पहिला १९९१चा, मिनेसोटा ट्विन्स आणि अटलांटा ब्रेव्हज यांच्यातला सातवा आणि निर्णायक सामना. ट्विन्सचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, जॅक मॉरिस तेव्हा ३६ वर्षांचा होता. ठरलेल्या नऊ इनिंग, म्हणजे डाव, संपल्या तरी दोन्ही संघांची पाटी कोरी होती. मॅनेजर टॉम केली यांच्या मनात त्याला थांबवायचे होते, पण तो ऐकायला तयार नव्हता, आणि दहाव्या इनिंगलाही तोच माउंडवर, म्हणजे पिचरच्या उंचवट्यावर, उभा राहिला. दहा इनिंग, १२६ चेंडू, एकही धाव नाही, आणि शेवटी १-० असा विजय.

दुसरा सामना २०२०चा, टेक्सासमधल्या आर्लिंग्टनचा. टँपा बे रेजचा ब्लेक स्नेल सहाव्या इनिंगमध्ये एक बॅटर बाद करून उभा होता. त्याने तोवर ७३ चेंडू टाकले होते, नऊ जणांना स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकमध्ये बाद, केले होते, एकालाही वॉक, म्हणजे चार चुकीच्या चेंडूंमुळे मिळणारा फुकटचा पहिला बेस, दिला नव्हता आणि संघ १-० असा पुढे होता. एका बॅटरने साधा सिंगल, म्हणजे पहिल्या बेसपर्यंत पोचवणारा फटका, मारला, तो स्नेलविरुद्धचा अवघा दुसरा हिट होता, आणि लगेच मॅनेजर केविन कॅश यांनी डगआउटमधून बाहेर येऊन त्याच्या हातातला चेंडू काढून घेतला. पुढे येणारे तिघे, मूकी बेट्स, कोरी सीगर आणि जस्टिन टर्नर, त्या रात्री स्नेलसमोर दोन-दोनदा आले होते आणि सहाही वेळा स्ट्राइकआउट होऊन परतले होते. बदली आलेल्या पिचरला बेट्सने डबल, म्हणजे दुसऱ्या बेसपर्यंत नेणारा फटका, मारला, बघता बघता आघाडी गेली, आणि लॉस एंजेलिस डॉजर्स ३-१ने तो सामना आणि वर्ल्ड सिरीज जिंकून गेले.

कॅश यांचा निर्णय लहरीपणाचा नव्हता, हे आधी स्वच्छ मान्य करायला हवे. बेसबॉलमध्ये नऊ बॅटर ठरलेल्या क्रमाने येतात आणि नववा झाला की पुन्हा पहिला येतो, त्यामुळे सामना सुरू करणारा पिचर, म्हणजे स्टार्टर, टिकून राहिला तर प्रत्येक बॅटरशी त्याची तीन-चार वेळा गाठ पडते. अनेक दशकांच्या नोंदी सांगतात की पहिल्या गाठीपेक्षा दुसरीत आणि दुसरीपेक्षा तिसरीत बॅटर अधिक चांगले खेळतात, कारण एकीकडे पिचरचा हात थकत जातो आणि दुसरीकडे चेंडू त्याच्या बोटांतून कसा सुटतो, स्लायडर कुठून वळायला लागतो, हे बॅटरच्या डोळ्यांत बसत जाते. बुलपेनमध्ये, म्हणजे राखीव पिचरांच्या जागी, ताज्या दमाचा, ताशी ९८ मैलांनी टाकणारा रिलीव्हर, म्हणजे बदली पिचर, तयार बसलेला असताना थकलेल्या माणसाला त्याच बॅटरपुढे तिसऱ्यांदा का उभे करायचे, या प्रश्नाला हिशेबाच्या पातळीवर उत्तर नाही. तुटपुंज्या पैशांत मोठ्या संघांशी झुंजणाऱ्या रेजनी हा हिशेब सर्वांआधी टोकाला नेला. मे २०१८मध्ये त्यांनी सर्जिओ रोमो या मुरलेल्या रिलीव्हरला सामन्याची पहिलीच इनिंग टाकायला लावली आणि नेहमीचा पिचर त्याच्यानंतर आणला. ‘ओपनर’ ही नवी भूमिका तिथून रुळली.

तरीही पूर्ण विचारांती मला असे वाटते की बेसबॉलच्या सामन्यात पाहण्यासारखे जे आहे, त्याचा गाभा त्या तिसऱ्या गाठीतच आहे. माउंडवरून होम प्लेटपर्यंतचे, म्हणजे बॅटरपर्यंतचे, ६० फूट ६ इंच अंतर १८९३पासून बदललेले नाही, आणि ९५ मैलांचा फास्टबॉल ते साधारण ०.४ सेकंदांत कापतो. एवढ्या वेळात चेंडू ओळखून बॅट फिरवायची असेल तर बॅटरला पुष्कळसा खेळ आधीच मनात खेळून ठेवावा लागतो. पहिल्या गाठीत दोघेही एकमेकांना चाचपतात. दुसरीत पिचर एखादी नवी चीज दाखवतो, किंवा मुद्दाम दाखवत नाही. तिसऱ्या गाठीपर्यंत लपवण्यासारखे फार थोडे उरलेले असते: चौथ्या इनिंगमध्ये याला आपण बाहेरच्या कडेला चेंजअप, म्हणजे मुद्दाम मंद टाकलेला चेंडू, टाकून फसवले होते हे पिचरला आठवत असते, ते बॅटरलाही आठवत असते, आणि आपल्याला ते आठवते आहे हे समोरच्याला ठाऊक आहे हेही दोघांना कळत असते. हात जड झालेला, वेग दोन मैलांनी उतरलेला, अशा वेळी केवळ डोक्याने आणि चेंडू टाकायच्या जागेवरच्या हुकमतीने जो पिचर त्या बॅटरला पुन्हा बाद करतो, त्याने खेळाची सगळी अंगे एका प्रसंगात उघडून दाखवलेली असतात. पहिल्यांदाच समोर येणारा रिलीव्हर तीन चेंडूंत स्ट्राइकआउट करतो तेव्हा त्याच्या ताकदीचे कौतुक वाटते, पण त्या भेटीला मागचा इतिहास नसतो.

ही आवड माझ्यात बेसबॉलच्या आधीपासूनची आहे. मी नाशिकची, आणि आमच्या घरी बापू नाडकर्णी यांचे नाव आपल्या गावचे म्हणून घेतले जाई. जानेवारी १९६४मध्ये मद्रासला इंग्लंडविरुद्ध त्यांनी लागोपाठ २१ षटके निर्धाव टाकली आणि ३२ षटकांत अवघ्या पाच धावा दिल्या, हा आकडा माझ्या वडिलांना पाठ होता. वेगाचा लवलेश नसलेला गोलंदाज एकाच टप्प्यावर तासन् तास चेंडू टाकून फलंदाजाला बांधून ठेवतो, यात पाहण्यासारखे काय असते, हे मला समजले ते न्यू जर्सीत आल्यावर, अटलांटाच्या ग्रेग मॅडक्सला पिचिंग करताना पाहून. मॅडक्स वेगवान नव्हता. जुलै १९९७मध्ये शिकागो कब्सविरुद्ध त्याने नऊ इनिंगचा अख्खा सामना ऐंशीहून कमी चेंडूंत संपवला. आजकाल पुष्कळ स्टार्टरना तेवढ्या चेंडूंत पाचवी इनिंग पार करताना नाकी नऊ येतात. बॅटरने चेंडू मारावा, पण आपल्याला हवा तिथे आणि हवा तसा मारावा, अशी त्याची रीत होती. अटलांटाचा संघ माझ्या न्यूयॉर्क मेट्सचा हाडवैरी असूनही मॅडक्सचा सामना मी कधी सोडत नसे.

आमचे शेजारी सत्तरी ओलांडलेले, जन्मापासूनचे यांकीजवाले, म्हणजे न्यूयॉर्कच्याच दुसऱ्या संघाचे चाहते. मेट्सवाल्यांशी त्यांचे वैर फक्त कुंपणापुरते असते, आणि एप्रिल ते ऑक्टोबर आमचे बोलणे बहुतेक पिचिंगवरच चालते. वयाकडे पाहून कुणालाही वाटेल की जुन्या पद्धतीची बाजू ते घेत असतील. तरुणपणी त्यांनी रॉन गिड्रीचा १९७८चा हंगाम पाहिलेला आहे, २५ विजय आणि तीन पराभवांचा, आणि त्याविषयी ते अजून डोळे मिटून बोलतात. पण वाद सुरू झाला की ते नव्या मॅनेजरांच्या बाजूने उभे राहतात आणि पुरावा म्हणून यांकीजचा रिलीव्हर मारियानो रिव्हेरा याला पुढे करतात. त्यांचे म्हणणे असे, की १९९६ ते २००० या पाच वर्षांत यांकीजनी चार वर्ल्ड सिरीज जिंकल्या त्या शेवटची इनिंग कुणाची हे ठरलेले होते म्हणून; एकच कटर, म्हणजे शेवटी किंचित वळणारा वेगवान चेंडू, टाकून ६५२ सामने राखणारा माणूस हाताशी असताना दमलेल्या स्टार्टरला नववी इनिंग देणे हा हट्ट झाला. या युक्तिवादात तथ्य आहे. मी त्यांना एवढेच म्हणते की रिव्हेरा एक होता, आणि आज प्रत्येक संघ सहाव्या इनिंगपासून चार-चार अनोळखी रिव्हेरा शोधत असतो.

यावर ते मला मेट्सचा पिचर मॅट हार्वी याची आठवण करून देतात, आणि ती आठवण कोणत्याही मेट्सवाल्याला सुखाची नाही. १ नोव्हेंबर २०१५, वर्ल्ड सिरीजचा पाचवा सामना, क्वीन्समधले आमचे सिटी फील्ड. हार्वीने आठ इनिंग कॅन्सस सिटी रॉयल्सला एकही धाव दिली नव्हती, संघ २-० पुढे होता. मॅनेजर टेरी कॉलिन्स यांनी क्लोजरला, म्हणजे शेवटची इनिंग टाकणाऱ्या रिलीव्हरला, आणायचे ठरवले होते. हार्वीने डगआउटमध्ये साफ नकार दिला, स्टेडियम त्याच्या नावाचा घोष करत होते, आणि कॉलिन्स यांनी मन बदलले. नवव्या इनिंगची सुरुवातच वॉकने झाली, पाठोपाठ एरिक हॉझ्मरने डबल मारून एक धाव आणली, मग क्लोजर आला, पण बरोबरी झालीच, आणि बाराव्या इनिंगमध्ये रॉयल्सनी सामना व विजेतेपद दोन्ही नेले. कॉलिन्स यांनी त्या रात्री आकड्यांऐवजी माणसाचे ऐकले, हे मला आजही चूक वाटत नाही. वॉक दिल्यावर लगेच त्याला थांबवायला हवे होते, हे मात्र मी मान्य करते. तिसरी-चौथी गाठ पाहू द्यावी असे म्हणणाऱ्याला ती हरतानाही पाहावी लागते.

खरे तर या वादाचा अवघड भाग पुढेच आहे, आणि तो कोपराचा आहे. हार्वी २०१३मध्ये कोपरातला अस्थिबंध फाटल्यामुळे शस्त्रक्रिया होऊन २०१४चा पूर्ण हंगाम बसून होता. या शस्त्रक्रियेला टॉमी जॉन या पिचरचे नाव आहे, कारण सप्टेंबर १९७४मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी ती प्रथम त्याच्यावर केली: उजव्या हातातला स्नायुबंध काढून डाव्या कोपरात ओवला. ती यशस्वी होईल असे खुद्द जोब यांनाही फारसे वाटत नव्हते. टॉमी जॉन १९७६मध्ये परतला, १९८९पर्यंत खेळला आणि त्याच्या २८८ विजयांपैकी १६४ शस्त्रक्रियेनंतरचे आहेत. एकेकाळचा तो चमत्कार आता पिचरच्या कारकिर्दीतला जवळजवळ अपेक्षित टप्पा होऊन बसला आहे. आमचा जेकब डिग्रॉम, ज्याच्यासारखा पिचर मी मेट्सच्या गणवेशात दुसरा पाहिला नाही, त्याची ही शस्त्रक्रिया दोनदा झाली, एकदा २०१०मध्ये आणि पुन्हा टेक्सासला गेल्यावर २०२३मध्ये. शेजाऱ्यांच्या यांकीजचा गेरिट कोल २०२३चा साय यंग हा सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार मिळवून मार्च २०२५मध्ये त्याच टेबलावर गेला.

डिग्रॉमविषयी थोडे थांबून लिहिल्यावाचून राहवत नाही. २०१८मध्ये त्याचा इआरए, म्हणजे नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावर लागलेल्या धावांची सरासरी, १.७० होता आणि त्याच्या नावावर दहा विजय, नऊ पराभव लागले, कारण आमचे बॅटर त्याच्या दिवशी धावाच करत नसत. तरी साय यंग पुरस्कार त्यालाच मिळाला. विजयांच्या संख्येवरून पिचर मोजण्याची शंभर वर्षांची सवय त्या वर्षी मोडली, आणि ती मोडली याचे श्रेय मी ज्या आकडेशास्त्राशी भांडते त्यालाच आहे. २०२५मध्ये पिट्सबर्गच्या पॉल स्कीन्सला दहा विजय आणि दहा पराभवांवर तोच पुरस्कार मिळाला तेव्हा कुणाला आश्चर्यही वाटले नाही. नवे आकडे खेळ समजायला मदत करतात याविषयी माझ्या मनात शंका नाही. माझी तक्रार त्यांच्या आधारे पिचरकडून काय मागितले जाते याबद्दल आहे.

मागितला जातो तो वेग. मेजर लीगमधल्या, म्हणजे सर्वोच्च व्यावसायिक लीगमधल्या, फास्टबॉलची सरासरी २००८मध्ये ताशी ९१.३ मैल होती, २०२४मध्ये ती ९४.२ झाली. डिसेंबर २०२४मध्ये मेजर लीगने स्वतःच प्रसिद्ध केलेल्या अहवालात पिचरच्या वाढत्या दुखापतींचा संबंध वेगाच्या हव्यासाशी, चेंडूला जास्तीत जास्त फिरक देण्याच्या प्रयत्नांशी आणि प्रत्येक चेंडू सर्व ताकदीनिशी टाकण्याच्या सवयीशी जोडला आहे. हे एकमेकांत गुंतलेले आहे. तुला पाचच इनिंग टाकायच्या आहेत, मागे आठ जण तयार आहेत, असे पिचरला एकदा सांगितले की ताकद राखून ठेवण्याचे कारणच उरत नाही. मॉरिसच्या पिढीतला पिचर तळाच्या दुबळ्या बॅटरसमोर हात सैल सोडत असे आणि खरा जोर दोन गडी बेसवर असतील त्या वेळेसाठी ठेवत असे, कारण त्याला नववी इनिंग दिसत असे. आजच्या पिचरला ती दिसत नाही, म्हणून तो पहिल्या चेंडूपासून सगळे ओततो, पाचव्या इनिंगमध्ये रिकामा होतो, आणि मग तो टिकत नाही म्हणून त्याला आणखी लवकर काढले जाते. १९७५मध्ये यांकीजच्या कॅटफिश हंटरने एकट्याने ३० सामने सुरुवातीपासून शेवटपर्यंत टाकले होते. २०२४मध्ये मेजर लीगच्या ३० संघांचे मिळून तेवढे भरले नाहीत.

हे खाली मुलांपर्यंत झिरपले आहे, आणि माझा जीव सर्वांत जास्त तिथे तुटतो. लिटल लीग या मुलांच्या बेसबॉल संघटनेने २००७पासून दिवसाला चेंडूंची मर्यादा घातली, अकरा-बारा वर्षांच्या मुलांसाठी ८५ची, आणि ती कसोशीने पाळली जाते. पण त्याच वयाची मुले शनिवार-रविवारी गावोगाव फिरणाऱ्या खासगी संघांतूनही खेळतात, तिथे मोजणी नव्याने सुरू होते, आणि कुंपणाबाहेर कुणीतरी पालक रडार गन रोखून उभे असतात. आमच्या भागातल्या भारतीय घरांतली मुलेही आता त्यांत आहेत. चौदा वर्षांच्या मुलाला बॅटर कसा वाचावा हे न शिकवता वेग चार मैलांनी कसा वाढवावा हे शिकवले जाते, कारण कॉलेजच्या निवडकर्त्यांना पाठवायच्या कागदावर वेगाचा आकडा मांडता येतो, समज मांडता येत नाही.

नियमांनी खेळ बदलता येतो, हे बेसबॉलने वारंवार दाखवले आहे. १९६८मध्ये पिचर इतके वरचढ झाले की सेंट लुईसच्या बॉब गिब्सनचा इआरए १.१२ होता आणि अमेरिकन लीगचा सर्वोत्तम बॅटर .३०१च्या सरासरीवर पहिला आला. पुढच्याच वर्षी माउंडची उंची १५ इंचांवरून दहा इंच करण्यात आली. २०२३मध्ये पिच क्लॉक, म्हणजे चेंडू टाकायची वेळ मोजणारे घड्याळ, आले, बेसेस मोठे झाले, क्षेत्ररक्षकांना एका बाजूला गोळा करण्यावर बंदी आली, आणि सरासरी सामना जवळजवळ २५ मिनिटांनी आटोपशीर झाला. पिच क्लॉकला माझा पूर्ण पाठिंबा आहे. मग स्टार्टरचे टिकणेही नियमाने परत आणता येईल. २०२२पासून २६ जणांच्या संघात जास्तीत जास्त १३ पिचर ठेवता येतात. ही मर्यादा दर दोन-तीन वर्षांनी एकेकाने उतरवत अकरावर आणावी असे माझे मत आहे, कारण बुलपेनमध्ये माणसेच कमी असली की मॅनेजरला स्टार्टरकडून सात इनिंग मागाव्या लागतील, आणि सात टाकायच्या म्हटल्यावर पिचरला वेग उतरवून अक्कल चढवावी लागेल. शेजारी म्हणतात, या बदलाच्या काळात जी पिढी सापडेल तिचे हात मोडतील, कारण तिला तसे शिकवलेलेच नाही. हा आक्षेप गंभीर आहे, आणि म्हणूनच मर्यादा हळूहळू उतरवावी आणि सुरुवात खालच्या लीगपासून करावी, असे मी म्हणते.

हे सगळे आता अशक्य आहे असे ज्यांना वाटत होते त्यांना २०२५च्या ऑक्टोबरमध्ये डॉजर्सच्या योशिनोबू यामामोतोने उत्तर दिले. उंची पाच फूट दहा इंच, जपानमध्ये घडलेला, वजने उचलण्याऐवजी भालाफेकीच्या सरावावर हात तयार केलेला पिचर. (भाल्यावरून आठवण होते ती उत्तर प्रदेशातल्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेल यांची, २००८मध्ये एका स्पर्धेतून निवडून पिट्सबर्गने करारबद्ध केलेले हे दोघेही मुळात भालाफेकपटूच होते.) यामामोतोने मिलवॉकीविरुद्ध नऊ इनिंगचा सामना एकट्याने टाकला, लगेच वर्ल्ड सिरीजच्या दुसऱ्या सामन्यात टोरांटो ब्लू जेजविरुद्ध पुन्हा १०५ चेंडूंत तेच केले, सहाव्या सामन्यात ९६ चेंडू टाकून सहा इनिंग दिल्या, आणि दुसऱ्याच दिवशी, सातव्या सामन्यात, बुलपेनमधून येऊन ३४ चेंडू टाकून अकराव्या इनिंगमध्ये विजेतेपद हातात दिले. प्रत्येक पिचरने असे करावे असे मी म्हणणार नाही; लागोपाठ दोन दिवस स्टार्टरला राबवणे हा मोठा धोका होता. पण दुसऱ्या सामन्यात ब्लू जेजच्या बॅटरशी त्याची तिसरी गाठ पडत होती तेव्हा तो कर्व्हबॉल, स्प्लिटर आणि फास्टबॉल यांची जी अदलाबदल करत होता, ती पाहताना शेजारीही गप्प बसून होते.

त्या वर्षी आमचा संघ मात्र ऑक्टोबरपर्यंत पोचलाच नाही. १२ जूनला मेट्स ४५ विजय आणि २४ पराभवांसह सर्व संघांत पुढे होते. त्याच दिवशी आमचा पिचर कोदाई सेंगा पहिल्या बेसवर उंच आलेला चेंडू घ्यायला उडी मारताना मांडीचा स्नायू दुखावून बसला, आणि तिथून पिचिंगची जी गळती लागली ती थांबली नाही. हंगामभरात चाळीसहून अधिक पिचर वापरून झाले. स्टार्टर पाचव्या इनिंगच्या आत परतत, बुलपेन रोज दमत असे, दमलेले बुलपेन दुसऱ्या दिवशी धावा देत असे, आणि शेवटच्या दिवशी मायामीत हरून ८३ विजयांवर आम्ही बाहेर पडलो. आठ रिलीव्हरच्या भरवशावर १६२ सामन्यांचा हंगाम निघत नाही, याचा याहून स्पष्ट दाखला मला शोधूनही सापडणार नाही.

त्यातून एक नोलन मॅक्लीन हाती लागला. ऑगस्टच्या मध्यात आला आणि तिसऱ्याच सामन्यात, २७ ऑगस्टला, फिलाडेल्फिया फिलीजसारख्या तगड्या संघाला त्याने आठ इनिंग एकही धाव दिली नाही. ट्रे टर्नर, काइल श्वार्बर आणि ब्राइस हार्पर त्याच्यासमोर तिसऱ्यांदा आले तरी मॅनेजर कार्लोस मेंडोझा यांनी त्याला काढले नाही. शेजाऱ्यांचे म्हणणे आहे की एवढा तरुण हात जपायचा असेल तर त्याला पाच-सहा इनिंगपलीकडे पाठवू नये, आणि हार्वी, डिग्रॉम, कोल यांची नावे ते बोटांवर मोजून दाखवतात. मला वाटते, त्या तिघांचेही हात वेगाने गेले आणि मॅक्लीनकडे सहा प्रकारचे चेंडू आहेत, ज्यांच्या जोरावर त्याला ९३ मैलांवरही आठवी इनिंग टाकता येईल. २०२६च्या हंगामात त्याने किती सामने जिंकले हे मी नंतर पाहीन. सहावी इनिंग संपल्यावर मेंडोझा त्याला किती वेळा पुन्हा बाहेर पाठवतात, याची नोंद मात्र आम्ही दोघेही ठेवणार आहोत.